कंडम मास्तर आणि धक्क्यावरची फळी

आमच्या मामाच्या हातात कुठलीही वस्तू द्या. तो ती आधी उजवीकडून बघणार, मग डावीकडून, मग एक डोळा मिटून, आणि शेवटी निकाल देणार. निकाल दोनच. "चालेल" किंवा "कंडम". मधलं काही नाही. मी एकदा त्याला माझं प्रगतिपुस्तक दिलं, तर त्याने आधी शिवण बघितली.

मामा रसद दलाच्या डेपोत स्टोअरकीपर आहे. सव्वीस वर्षं. पीठ, साखर, दोर, बादल्या, तंबू, ब्लँकेटं, सैन्याला जे जे लागतं ते आधी इथे येतं आणि मग ट्रकात चढून पुढे जातं. लढणारे वेगळे. त्यांच्या ताटात भात वेळेवर पडला पाहिजे, एवढंच या लोकांचं युद्ध. आणि त्या युद्धात मामाचं काम असं की जी वस्तू म्हातारी झाली ती हुडकून काढायची, तिच्यात काय बिघडलं ते कागदावर लिहायचं, आणि वर्षातून एकदा तीन साहेबांची समिती आली की त्यांच्यापुढे ठेवायची. समिती मान हलवते. मग ती वस्तू तोडतात, जाळतात किंवा भंगारात घालतात. म्हणून डेपोत त्याला कंडम मास्तर म्हणतात. तोंडावर अर्थातच "साहेब".

बोलतानाही तो सगळं दोनदा तपासतो. "जेवलीस? नक्की जेवलीस? म्हणजे पूर्ण?" दाराला कुलूप लावलं की कुलूप ओढून बघतो, चार पावलं जातो, परत येऊन ओढतो. एकदा तिसऱ्यांदा ओढताना कोयंडाच हातात आला. लगेच निकाल. कंडम.

मामी या सगळ्यावर एकच वाक्य बोलते, पण ते असं बोलते की ऐकणाऱ्याचा चहा नाकातून यावा. "माझी माहेरची पेटी यांनी दोन बिजागऱ्या सैल म्हणून कंडम केली. तेव्हापासून मी यांच्यासमोर गुडघे दुखतात म्हणत नाही."

तर दलाच्या स्थापनेला पंच्याहत्तर वर्षं झाली आणि घोटाळ्याला सुरुवात झाली. डेपोत नवे मेजरसाहेब आले होते. तरुण, उत्साही, आणि प्रत्येक वाक्याच्या मधोमध "म्हणजे" ठेवून त्यावर जरा वेळ उभे राहणारे. त्यांनी सगळ्यांना मैदानात जमवलं.

"वारसा," ते म्हणाले, "म्हणजे... आपण. आपण सगळे इथे दहा दिशांनी आलो. दहा भाषा, दहा तऱ्हा. पण आपलं घर... म्हणजे... हा डेपो."

पुढे असं ठरलं की स्थापना दिनाला सगळ्यांच्या घरच्यांना बोलवायचं, जुन्या लोकांना बोलवायचं आणि गोदाम नंबर तीनमध्ये एक वारसा दालन उभं करायचं. डेपोतल्या जुन्या वस्तू तिथे मांडायच्या.

"आणि ते काम तुमचं," मेजरसाहेब मामाकडे वळून म्हणाले. "सगळ्यात जास्त जुन्या वस्तू तुमच्या हाताखालून गेल्यात."

"गेल्यात साहेब," मामा म्हणाला. "तीच अडचण आहे."

घरी आल्यावर तो चहाच्या कपाकडे इतका वेळ बघत बसला की मामीने विचारलं, "कप गेला का?"

"अगं, तसं नाही. मला एक सांग. वस्तू जुनी आहे, म्हणजे ती कंडम. कंडम आहे, म्हणजे ती नाही. मग नसलेली वस्तू मांडायची कशी?"

"रिकामी टेबलं मांडा," मामी म्हणाली. "प्रत्येकावर तुमची सही ठेवा."

मामाला हे दोन मिनिटं खरंच पटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो डेपोभर फिरायला लागला. याच्या पुढचं निम्मं मी मामाच्या तोंडून ऐकलंय आणि निम्मं शिंप्याच्या मुलीकडून. ती माझ्या वर्गात आहे आणि तिला बापाची इतकी हुबेहूब नक्कल जमते की शिंपी स्वतः दचकतो.

मामा आधी मेसच्या आचाऱ्याकडे गेला. "तुमच्याकडे जुनं काही आहे का? नक्की जुनं?"

आचाऱ्याने हातातला झारा पाठीमागे लपवला. "जुनं? माझ्याकडे? काय बोलता साहेब! इथे मीच सगळ्यात जुना. मला नेताय का?"

मग शिंपी. शिंप्याकडे पायाची एक मशीन होती, तिचं वय कुणालाच माहीत नव्हतं. ती त्याने मामाच्या तपासणीपासून कितीतरी वर्षं ब्लँकेटांच्या ढिगामागे दडवली होती. तो म्हणाला, "मशीन? कसली मशीन? मी सगळं हातानेच शिवतो." आणि बोलता बोलता हवेत सुई चालवून दाखवायला लागला.

मामाला कळेना. लोक आजवर त्याला बघून उभे राहत होते, आता त्याला बघून पांगत होते. तेव्हा त्याने, त्याच्या मते, मार्ग काढला. एक सूचना लिहिली आणि फलकावर लावली. ती मला पाठ आहे:

"ज्या ज्या विभागांकडे मुदतबाह्य, जीर्ण अथवा नोंदीत नसलेल्या वस्तू असतील त्यांनी त्या विनाविलंब स्टोअरकीपरसमोर हजर कराव्यात. हा आनंदाचा कार्यक्रम आहे."

शेवटचं वाक्य मामीच्या सांगण्यावरून घातलं होतं. त्याने जास्तच घबराट उडाली. त्याच दुपारी ताडपत्री पांघरलेली एक हातगाडी मागच्या फाटकातून निघाली. ताडपत्रीखाली शिंप्याची मशीन होती. सुताराने त्याचा जुना रंधा चक्क पायजम्यात खोचून घरी नेला आणि दोन दिवस ताठ चालत होता. डेपो इतका नवा कधीच दिसला नव्हता.

अशात पत्र आलं.

पत्र उस्तादांचं होतं. मामा पोरसवदा असताना डेपोत आला तेव्हा धक्क्यावर, म्हणजे ट्रकात माल चढवायच्या ओट्यावर, उस्तादांची टोळी होती. पोत्यावर थाप मारून आत ओल आहे की नाही ते आवाजावरून कसं ओळखायचं, हे मामाला त्यांनी शिकवलं. मामा अजून पोत्यावर थाप मारली की मान तिरकी करतो, ती मान त्यांची. त्यांना निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती. अक्षर थरथरतं, पण मजकूर सरळ:

"बोलावणं मिळालं. येतो. डॉक्टर प्रवास नको म्हणतो, त्याला कळवलेलं नाही. मला भाषण नको, पुढची खुर्ची नको. धक्क्यावरच्या आपल्या फळीपाशी मला दहा मिनिटं सोडा. पुन्हा येणं व्हायचं नाही."

मामाने पत्र दोनदा वाचलं. मग खुर्चीत बसला. खुर्ची करकरली, तरी तिच्याकडे बघितलं नाही.

"कुठली फळी?" मामीने विचारलं.

धक्का आणि ट्रक यांच्यामध्ये एक जाड, लांब लाकडी फळी टाकलेली असते. पोतं पाठीवर घेऊन हमाल त्या फळीवरून ट्रकात जातात आणि मोकळे परत येतात. दिवसभर. उस्तादांची फळी ती. अकरा वर्षांपूर्वी तिला तडा गेला. मामाने ती तपासली आणि लिहिलं, "तडा एक, लांबी दीड फूट." समितीने मान हलवली. सुताराने तुकडे केले आणि ते मेसच्या चुलीत गेले. कागदावर सही मामाची.

"पण फळीच का?" मामा म्हणाला. "माणूस एवढ्या लांबून येतो, मरणाच्या दाराशी असताना येतो, आणि भेटायचंय कुणाला, तर फळीला? मला समजत नाही. माझ्याशी बोलायचंय म्हणाले असते तर समजलं असतं."

"तुम्हाला राग कशाचा आलाय?" मामी म्हणाली. "फळी जाळली त्याचा, की तुम्हाला सोडून ते फळीला भेटायला येतायत त्याचा?"

"दोन्हीचा नाही," मामा म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "म्हणजे, दोन्हीचा."

तरी तो आचाऱ्याकडे गेला. अकरा वर्षांपूर्वीच्या फळीचा एखादा तुकडा? एखादा पाट, एखादं झाकण?

"जाळली साहेब," आचारी म्हणाला. "पुरी जाळली. तुमचीच चिठ्ठी होती, 'एकही तुकडा शिल्लक ठेवू नये.' खाली दोन रेघा मारल्या होत्या तुम्ही."

सुताराला त्याची दया आली. म्हणाला, "साहेब, मी एक फळी जुनी करून देतो. चहाच्या पाण्याने धुवायची, साखळीने चार फटके मारायचे, वर तेल. कुणाच्या बापाला कळणार नाही."

मामा एक पूर्ण दिवस या विचारात होता. जेवताना अर्धा घास हातात धरून म्हणाला, "उस्तादांना बरं वाटेल ना?" मग स्वतःच म्हणाला, "पण ते थाप मारतील. थाप मारली की कळेल." आणि तो घास परत ताटात ठेवला.

वारसा दालन मात्र मामीने वाचवलं. ती शिंप्याच्या घरी गेली आणि म्हणाली, "अहो, जप्ती नाहीये, प्रदर्शन आहे! फोटो काढणार आहेत." एवढं पुरलं. दोन दिवसांत गोदाम नंबर तीनमध्ये गर्दी झाली. शिंप्याची मशीन, सुताराचा रंधा, आचाऱ्याचा पाठीमागे लपवलेला झारा, ड्रायव्हरांचा पितळी भोंगा, एक कंदील, खेचरांच्या गळ्यातल्या घंटा, टपालाची कातडी पिशवी. प्रत्येक वस्तू मामाच्या सव्वीस वर्षांच्या नजरेतून निसटलेली. तो टेबलांमधून फिरत होता आणि पुटपुटत होता, "हे इथे होतं? हेही इथे होतं?" एका टेबलावर त्याने स्वतः कंडम केलेला तराजू होता. समितीने मान हलवलेला, कागदोपत्री वितळवलेला तराजू. त्याने लोहाराकडे बघितलं. लोहाराने छताकडे बघितलं.

स्थापना दिनाला आम्ही सगळे गेलो. मैदानात मांडव, बँड, धुतलेल्या गणवेशातले जवान, त्यांच्या बायका, पोरं, सासवा. दहा भाषांमधून एकच वाक्य ऐकू येत होतं, ते म्हणजे, इथे ऊन येतंय, तिकडे बसू. उस्ताद रिक्षातून उतरले. इतके बारीक की कोट त्यांना घालून आल्यासारखा वाटत होता. मामाने कडक सलाम ठोकला. त्यांनी सलाम घेतला आणि मामाच्या खांद्यावर एक थाप मारली. मान तिरकी केली.

"कोरडा आहेस," म्हणाले. "चल, फळी दाखव."

मेजरसाहेब मांडवात भाषणाचे कागद लावत होते. मामा उस्तादांना घेऊन धक्क्याकडे निघाला. मामी म्हणाली, "तू जा गं मागोमाग, यांना चक्कर आली तर एकाला तरी धर." कुणाला ते तिने सांगितलं नाही.

धक्क्यावर मुकादम आणि टोळीतले दोघे होते. बाकीचे मांडवात गेले होते. आज ट्रक नव्हता, म्हणून फळी धक्क्यावरच सपाट पडली होती. धक्क्याच्या खांबावर मामाच्या हातची पाटी आहे: "फळीवर काहीही लिहू अथवा कोरू नये." तिच्या खाली मामा थांबला. टोपी काढली, परत घातली.

"उस्ताद, एक सांगायचंय. ती फळी नाहीये. म्हणजे फळी आहे, पण ती ती नाही. ती मी कंडम केली. तडा गेला होता. मीच लिहिलं, मीच सही केली, मीच जाळायला दिली. मी दोनदा बघितली होती, पण... तुम्ही येणार, हे माहीत असतं तर..."

"तडा केवढा होता?" उस्तादांनी विचारलं.

"दीड फूट."

"मग बरं केलंस की. दीड फुटाच्या तड्यावर भरलं पोतं घेऊन माणूस गेला असता तर मणका मोडला असता. माझ्या काळात तीन फळ्या बदलल्या. त्यातली एक मीच सांगून काढायला लावली. नवी कुठाय?"

मामाचं तोंड उघडं राहिलं. इतक्या दिवसांचं ओझं त्याने खाली ठेवलं होतं आणि समोरचा म्हणत होता की हे तर रिकामं पोतं आहे. "ही... ही काय," तो म्हणाला. "आपण उभे आहोत ती."

"मग हिच्यावर काय उभे राहता? उतरा. उलटी करा."

कुणीच हललं नाही. मुकादमाने टोळीतल्या दोघांकडे बघितलं. दोघांनी मामाकडे बघितलं. मामाच्या काखेत नेहमीसारखी नोंदवही होती.

"उलटी कशाला, उस्ताद," मुकादम म्हणाला. त्याचा आवाज एरवी गोदामाच्या टोकापर्यंत जातो, तेव्हा तो त्याच्या मिशीतच अडकला. "खाली काय, माती आहे. कपडे खराब होतील."

उस्तादांनी मुकादमाकडे बघितलं, मग मामाकडे, मग परत मुकादमाकडे. "याला सांगितलं नाहीत?"

"नाही."

"सव्वीस वर्षांत?"

"सांगणार कसं? हे लिहून काढतात."

"काय सांगितलं नाही?" मामा म्हणाला. "मला काय सांगितलं नाही?"

उस्ताद धक्क्याच्या कडेला टेकले. त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं, जसं ओल्या पोत्याचं सांगितलं असेल तसं. ज्याने या धक्क्यावर पोती वाहिली, तो जाताना फळीच्या खालच्या बाजूला पोती ओढायच्या आकड्याने आपलं नाव कोरतो. ज्याला जी लिपी येते तीत. लिहिता येत नाही तो खूण कोरतो. फळी मोडली की जाळण्याआधी सगळी नावं नव्या फळीवर उतरवायची. पहिली फळी कुणी बघितलेली नाही. पण तिच्यावरची नावं आहेत.

"मी जाळली तेव्हा?" मामाने विचारलं.

"समिती झाल्यावर चार दिवस होते," मुकादम जमिनीकडे बघत म्हणाला. "तुम्ही साडेबाराला घरी जेवायला जाता, दीडला येता. त्या तासात उतरवली. सहा आकडे लागले होते."

"नवी फळी तेव्हा उलटी पडलेली होती. मी विचारलं होतं, उलटी का?"

"आम्ही म्हणालो, वाळतेय."

"हो. मी दोनदा विचारलं होतं."

"दोनदा सांगितलं, वाळतेय."

अकरा वर्षं मामा त्या फळीवरून रोज जात येत होता. दर तीन महिन्यांनी गुडघे टेकून तिची एकेक शीर बघत होता. वरून. त्याने पाटीकडे बघितलं. मग फळीकडे. मी जागेवरून त्याचा चेहरा बघत होते, आणि त्यावर राग, लाज, हसू असं काहीतरी एकाच वेळी चढत होतं आणि एकालाही जागा मिळत नव्हती.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं," तो म्हणाला. "आचाऱ्याला?"

"त्याचा भाऊ आहे त्यात."

"सुताराला?"

"त्यानेच रंधा मारून दिला."

"आणि मी नियमाप्रमाणे..." मामाने बोट पाटीकडे केलं आणि तसंच हवेत ठेवलं. "मी आता काय करायचं असतं?"

मैदानात बँड सुरू झाला. उस्ताद चष्मा काढून कोटाला पुसत राहिले.

"उलटी करायला चार जण लागतात," शेवटी मुकादम म्हणाला. "आम्ही तीनच आहोत. मांडवातून एकाला बोलावून आणतो."

मामाने नोंदवही काखेतून काढली. ठेवायला कोरडी जागा शोधली, शोधली आणि शेवटी माझ्या हातात दिली. मग बाह्या सरसावून तो फळीच्या एका टोकाला गेला. "कसं धरायचं?" त्याने विचारलं. सव्वीस वर्षं त्याने पोती मोजली होती, फळी एकदाही उचलली नव्हती.

"खालून धरा साहेब. बोटं आत. पाठ नाही वाकवायची, गुडघे वाकवा. हां. उठा!"

फळी उठली. धक्क्यावर कडेवर उभी केली. चौघे मागे, फळीला पोटाशी धरून. खालची बाजू उस्तादांकडे, वरची मामाकडे. उस्ताद पुढे झुकले. हाताच्या पंज्याने त्यांनी माती झाडली आणि मला दिसलं. लाकूड दिसतच नव्हतं. नावांना नावं चिकटलेली. पाच तरी लिप्या असाव्यात. काही उजवीकडून निघालेल्या, काही डावीकडून, मध्ये एकमेकींवर आदळलेल्या. अक्षरांच्या मधे मासा, कंगवा, चाक, तीन ठिपके, पाय नसलेलं खेचर.

"कपबशी," उस्ताद म्हणाले. बोट तिथेच थांबलं. "आहे रे. कपबशी आहे. याला पेल्यात चहा दिला की भांडायचा."

"काय चाललंय इथे?" मेजरसाहेब धक्क्याच्या पायऱ्या चढत होते, हातात भाषणाचे कागद. "बँड संपत आला. स्टोअरकीपर, तुम्ही... म्हणजे... हे काय धरलंय?"

मुकादमाचा रंग उडाला. फळी जरा डुगडुगली.

"तपासणी, साहेब," मामा फळीमागून म्हणाला.

"आत्ता?"

"आत्ताच निघाली."

मेजरसाहेब वळसा घालून उस्तादांच्या बाजूला आले. बघितलं. ते महिनाभर वारशावर बोलत होते. आता त्यांच्या वाक्यात "म्हणजे" आलं नाही, कारण वाक्यच आलं नाही. मग त्यांना पाटी दिसली.

"याची नोंद आहे?" त्यांनी हळू विचारलं.

"वरच्या बाजूची आहे, साहेब," मामा म्हणाला. घामाचा थेंब त्याच्या नाकाच्या शेंड्यावर लोंबत होता आणि तो पुसायला त्याच्याकडे हात नव्हता. "ही बाजू अकरा वर्षं माझ्याकडून तपासायची राहिली. चूक माझी. टोळीची नाही."

"मग समितीला काय कळवणार?"

"तेच कळत नाहीये, साहेब. ही बाजू चालेल म्हणावी तर नियमात बसत नाही. कंडम म्हणावी तर..." मामाने श्वास घेतला. "उद्या ठरवतो. आत्ता हात मोकळे नाहीत."

मेजरसाहेबांनी कागदांची घडी केली, खिशात घातली आणि उस्तादांच्या शेजारी खाली उकिडवे बसले. उस्ताद पहिल्या ओळीच्या निम्म्यावरही आले नव्हते. एका नावापाशी थांबायचे, कुणाचं ते आठवायचे, हसायचे, मग पुढच्या नावाकडे सरकायचे. मुकादमाने मामाला डोळ्यांनी विचारलं, खाली ठेवू या का? मामाने फळी पोटाशी आणखी घट्ट धरली. समोर त्याला फक्त फळीची वरची बाजू दिसत होती, झिजलेली, गुळगुळीत, पाठ असलेली.

"पुढे काय लिहिलंय, उस्ताद?" त्याने विचारलं. आणि लगेच म्हणाला, "नाही, सावकाश. सावकाश वाचा."